वसंतदादा पाटील शेतकरी होते म्हणून कारभारात नेमका काय फरक पडला?

गोदाकाठचा नांदेडकर:

नमस्कार मंडळी. मी नांदेड जिल्ह्यातला, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात आहे आणि कामावर जाताना मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची पाटी रोज दिसते. आमच्याकडं लहानपणापासून शंकररावजी चव्हाणांचं नाव कानावर, जायकवाडी म्हणा विष्णुपुरी म्हणा सगळं त्यांच्याच नावाशी जोडलेलं, पण वसंतदादांबद्दल विचाराल तर शाळेच्या पुस्तकात होतं तेवढंच. तुरुंग फोडला, गोळी लागली, नंतर मुख्यमंत्री झाले. बस.

मध्ये ऑफिसातल्या एका सांगलीकर मित्राशी यावरून बोलणं झालं तर तो एकदम भरभरून बोलायला लागला की मराठी सातवी शिकलेला शेतकऱ्याचा पोरगा चार वेळा मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतो, असा माणूस पुन्हा होणे नाही वगैरे. ऐकून छान वाटलं, पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. शेतकरी होते हे आपण प्रत्येक पुढाऱ्याबद्दल म्हणतो, ज्याच्या सातबाऱ्यावर नाव तो शेतकरी. तर दादा शेतकरी होते म्हणून त्यांच्या कारभारात काही वेगळं घडलं का? असा कुठला निर्णय आहे का जो शेतात राबलेल्या माणसानंच घेतला असता आणि वकील-प्रोफेसर माणसानं घेतला नसता? सांगली, कोल्हापूर, सातारा भागातले लोक इथं बरेच आहेत म्हणून विचारतोय. नुसतं कौतुक नको, जे पटत नाही तेही सांगा.

---

मळीचं रान, ता. मिरज:

भाऊ प्रश्न चांगला विचारला, जरा बैजवार लिहितो.

आमचं गाव पद्माळ्यापासून लांब नाही. पद्माळे म्हणजे सांगलीला लागूनच कृष्णाकाठचं गाव, दादांचं गाव. जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. ते अगदी तान्हे असताना प्लेगच्या साथीत आई-वडील दोघं गेले, आजीनं वाढवलं. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तुमचा मित्र म्हणतो तसं मराठी सातवी. त्यापुढं शाळा नाही, घरची शेती आणि काँग्रेसचं काम.

तुरुंगफोडीचं तुम्ही दोन शब्दांत उरकलं, पण आमच्या भागात ती अजून कालची गोष्ट असल्यासारखी सांगतात. २४ जुलै १९४३. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, गावाच्या मधोमध गणेशदुर्ग किल्ला आणि तुरुंग त्याच किल्ल्यात. भर पावसाळ्यात, दिवसाढवळ्या दादा आणि साथीदारांनी पहारेकऱ्यांवर झडप घालून बंदुका घेतल्या आणि तटावरून खाली खंदकात उड्या टाकल्या. पाठलाग झाला, गोळीबार झाला, त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हुतात्मा झाले, दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. सुटले ते १९४६ ला. पत्रावळे आणि जाधव ही दोन नावं मी मुद्दाम लिहितोय कारण दादांचं नाव सगळे घेतात आणि ही दोन राहून जातात.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्या मते दादांच्यातला शेतकरी बघायचा तर मंत्रालयात नाही, कारखान्यात बघा. १९५२ ला आमदार झाले ते थेट १९७२ पर्यंत त्यांनी मंत्रीपद घेतलं नाही, वीस वर्षं. या वीस वर्षांत काय केलं तर सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा केला, सोसायट्या, संघ, बँका यांचं जाळं विणलं, १९६७ ला प्रदेशाध्यक्ष होऊन पक्षाची संघटना सांभाळली. सहकारी कारखान्याची सुरुवात दादांनी केली नाही हे पण सांगतो, ती प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० च्या सुमारास केली. पण ती गोष्ट सांगली भागात आणून एवढी मोठी करणं हे दादांचं काम. हा कारखाना आशियातला सगळ्यात मोठा सहकारी साखर कारखाना म्हणून सांगितला जायचा.

आमचे आजोबा पहिल्यापासूनचे सभासद. त्याआधी आमच्याकडं गुऱ्हाळ होतं. गुळाचे रवे बाजारात न्यायचे आणि अडत्याच्या दारात बसायचं, सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, ज्याचा माल त्यालाच भाव कळायचा नाही, नंतर कळायचा. वर तोलाई, हमाली, कडता सगळं कापून हातात काय येईल ते. आजोबा सांगायचे की कारखाना झाल्यावर पहिला बदल पैशाचा नव्हता, पहिला बदल असा की ऊस काट्यावर गेला की वजनाची पावती हातात यायची आणि दर काय पडणार ते आधी माहीत असायचं. कारखान्याचा चिटबॉय शेतावर येऊन उसाची नोंद करून जायचा, तोडीची चिठ्ठी यायची, आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत उभं राहून शेतकरी चेअरमनला प्रश्न विचारू शकायचा. अडत्याच्या दारात ओट्यावरच बसवलेल्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट होती ते आज सांगून कळणार नाही.

दादांना हे कळलं कारण रुमालाखालचा सौदा त्यांनी बघितलेला होता. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसालाही कळलं असतं, गाडगीळांना कळलंच की, पण गावोगाव हिंडून लोकांकडून शेअरची रक्कम गोळा करायची तर "हा आपल्यातला आहे, बुडवणार नाही" असा भरवसा लागतो. लोकांनी दागिने मोडून शेअर घेतले ते कागद वाचून नाही घेतले. माणूस बघून घेतले.

मांजरीची ती संस्था पण त्यातलीच. १९७५ ला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली, दादा गेल्यावर त्यांचं नाव दिलं. सातवी शिकलेल्या माणसाला वाटलं की उसावर, मातीवर, साखरेच्या उताऱ्यावर संशोधन पाहिजे आणि त्याचा खर्च कारखान्यांनी म्हणजे शेतकऱ्यांनीच उचलायचा. पुढच्या वेळी नुसती पाटी बघून जाऊ नका, आत जाऊन या. माती-पाणी परीक्षणाला लांबलांबचे शेतकरी येतात तिथं.

---

फायलींचा माणूस:

वरचं सगळं मान्य आहे, पण प्रश्नकर्त्यानं न पटणारंही सांगा म्हटलंय म्हणून लिहितो.

१९७७-७८ चा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप इथं किती जणांना माहीत आहे? केंद्राप्रमाणं महागाई भत्ता द्या ही मुख्य मागणी. मुख्यमंत्री वसंतदादा. डिसेंबरात सुरू झाला, फेब्रुवारीपर्यंत चालला, कारकून, शिक्षक, शिपाई सगळे रस्त्यावर आणि सरकार शेवटपर्यंत हललं नाही. ती मागणी मान्य झाली ती नंतरच्या पुलोद म्हणजे शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दल सरकारच्या काळात.

त्यावेळी जे बोललं जायचं त्यात एक सूर हा होता की शेतकऱ्याला कुठला महागाई भत्ता, मग यांना कशाला. हा सूर ग्रामीण भागात लोकांना आवडला, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की शेतकरी मुख्यमंत्री असण्याची ही पण एक बाजू आहे. ज्याचं पोट पगारावर आहे त्या माणसाची गरज त्या कारभाराला तितक्या जवळून दिसली नाही. गावातल्या प्राथमिक शिक्षकाला अडीच एकरवाल्यापेक्षा काही फार सुख नव्हतं. दादांबद्दल आदर आहेच, १९४३ ला त्यांनी जे केलं त्यापुढं मान झुकते, पण ५४ दिवस हा आकडा त्या पिढीतले कर्मचारी विसरलेले नाहीत.

---

डफळापूरची लेक:

मी जत तालुक्यातली. वरच्या मिरजेच्या दादांनी (मळीचं रान) लिहिलंय ते वाचताना सारखं वाटत होतं की एक गोष्ट कोणी बोलतच नाही. शेतकरी म्हणजे कुठला शेतकरी? कृष्णाकाठच्या मळीतला आणि आमच्या माळावरचा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्याकडं नदी, कोयनेचं पाणी नदीत सोडलेलं, गावोगाव पाणीपुरवठा संस्था, उसाची तीन-तीन पिकं. आमच्याकडं बाजरी, हुलगा, मटकी, आणि उन्हाळ्यात टँकर. एकच सांगली जिल्हा, पण पूर्वेचा माणूस ऊस तोडायला पश्चिमेला जायचा.

त्यामुळं दादा शेतकरी होते हे खरं पण ते बागायती पट्ट्यातले शेतकरी होते, आणि त्या काळातलं सगळं सहकाराचं राजकारण उसाभोवती फिरलं हे मान्य करायला हवं. पाणी आलं की ऊस, ऊस आला की कारखाना, कारखाना आला की आमदारकी. ज्याच्याकडं पाणीच नाही तो या साखळीत कुठंच बसत नाही.

पण म्हणून दादांना माळाची जाणीव नव्हती असं मी म्हणणार नाही, उलट दुसऱ्या वेळी १९८३ ला मुख्यमंत्री झाले तेव्हाची त्यांची दोन कामं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा त्यांच्याच नावावर सांगतात आणि त्याच सुमारास सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम राज्यात सुरू झाला. शिवारातला पावसाचा थेंब शिवारातच मुरवायचा, बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव. आज जलयुक्त म्हणा, पाण्याची स्पर्धा म्हणा, सगळे तेच करतायत. धरणाच्या मोठ्या आकड्यांच्या काळात एक मुख्यमंत्री नाल्यावरच्या बांधाबद्दल बोलत होता ही मला शेतकरीपणाची खूण वाटते. बांध फुटला की माती कुठं जाते हे ज्यानं बघितलंय तोच हे बोलू शकतो.

दुसरं काम ताकारी आणि म्हैसाळ. कृष्णेचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी भागात न्यायचं, या योजनांना गती दादांच्या याच कारकिर्दीत मिळाली. खाली नदीत जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून पाणी चढावर, मग कालवा, परत पंप, परत चढ. पाणी चढवायचं म्हणजे वीज आली आणि वीज आली की बिल आलं. पुढं कितीतरी वर्षं निधी नाही म्हणून काम रखडलेलं, आणि पंप झाले तर बिल थकलं म्हणून बंद. आता ८१ टक्के बिल सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं भरायचं असं ठरलंय म्हणून पाण्याचं आवर्तन म्हणजे पाळी तरी सुटते. कवठेमहांकाळला द्राक्षबागा दिसतात, डाळिंब दिसतं, ते या पाण्यावर. जतच्या सीमेवरच्या गावांना मात्र २०२२ पर्यंत "आम्ही कर्नाटकात जातो" म्हणायची वेळ आली होती, आणि त्यानंतर विस्तारित म्हैसाळला जोर आला.

म्हणून माझं उत्तर असं की होय, फरक पडला, पण अर्धाच. पाण्याची कळ दादांना कळत होती. पण आलेलं पाणी उसालाच जाणार नाही याची तजवीज त्या पिढीत कोणी केली नाही, दादांनीही नाही.

---

गोदाकाठचा नांदेडकर:

ताई तुम्ही अगदी आमच्या मनातलं बोललात. आमच्याकडं शंकररावांनी आठमाही पाण्याचं धोरण आणलं होतं ते याच साठी ना, की बारमाही ऊस कमी करून तेच पाणी जास्त गावांना मिळावं. त्यावरून पश्चिम महाराष्ट्रात बराच विरोध झाला असं वडील सांगतात. शंकरराव आणि दादा यांचं पटत नव्हतं हे पण ऐकलंय, त्याचं नेमकं काय झालं होतं?

---

जुनी सांगली:

मी तो सगळा काळ जवळून पाहिलाय, वयानं सत्तरी ओलांडलेली आहे, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

१९७२ ला वसंतराव नाईकांनी दादांना मंत्रिमंडळात घेतलं, खातं पाटबंधारे. दुष्काळाचे दिवस. १९७५ ला नाईक गेले, शंकरराव आले. दोघं दोन प्रकृतीची माणसं. शंकरराव शिस्तीचे, फायलीवर बारीक लक्ष, नियमाला पक्के. दादांचं काम माणसांवर चालायचं. कोणी अडलेला आला की अधिकाऱ्याला बोलावून विचारायचे हे होतंय का, होत नसेल तर कसं होईल ते सांगा. पुढं शंकररावांनी त्यांना मंत्रिमंडळातून वगळलं आणि १९७६ ला दादांनी राजकारणसंन्यास जाहीर केला. सांगलीत त्या दिवशी लोक रडत होते, हे मी स्वतः पाहिलंय.

मग १९७७ ची लोकसभा, आणीबाणीनंतरची. काँग्रेसला राज्यात ४८ पैकी २० जागा. शंकररावांना जावं लागलं आणि संन्यास घेतलेल्या दादांना लोकांनी घरातून उचलून आणलं म्हणा ना, १७ मे १९७७ ला मुख्यमंत्री. वर फायलींचा माणूस यांनी लिहिलेला संप याच कारकिर्दीतला, आणि त्यांनी जे लिहिलंय ते चूक नाही.

१९७८ ची विधानसभा तर फारच विचित्र. काँग्रेस फुटलेली, एक रेड्डी काँग्रेस एक इंदिरा काँग्रेस, जनता पक्ष ९९ घेऊन पहिला, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. या दोन काँग्रेस भांडून परत एकत्र आल्या, दादा मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. रोज कुरबूर. जुलैत शरद पवार चाळीसएक आमदार घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलैला वयाच्या ३८ व्या वर्षी स्वतः मुख्यमंत्री झाले. पाठीत खंजीर हा शब्द महाराष्ट्रात त्या दिवसापासून रुळला. त्यावर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. एवढंच सांगतो की सांगलीतली आमच्या वयाची माणसं आजही त्या विषयावर शांतपणे बोलू शकत नाहीत.

घरातल्या भांडणाबद्दलही बोललं पाहिजे. वाळव्याचे राजारामबापू पाटील हेही सहकारातले, पदयात्रा काढणारे, फार मोठा माणूस. दादा आणि बापू यांच्यातल्या वैरानं जिल्ह्याचे दोन भाग झाले. वारणेवरचं धरण खुजगावला की चांदोलीला यावरून त्या काळी जिल्हा पेटला होता, शेवटी चांदोलीला झालं. १९८४ ला बापू गेले. दोघं एकत्र राहिले असते तर सांगलीचं चित्र वेगळं दिसलं असतं असं मला फार वाटतं. सहकार सगळा माणसांच्या विश्वासावर उभा होता हे वर मळीवाल्यांनी बरोबर लिहिलंय, पण त्याचीच दुसरी बाजू ही की दोन माणसांचं बिनसलं की कारखान्यापासून दूध संघापर्यंत सगळीकडं दोन गट पडतात. ते गट आमच्या जिल्ह्यात अजून गेलेले नाहीत.

१९८० ला दादा सांगलीतून खासदार, १९८३ च्या फेब्रुवारीत परत मुख्यमंत्री, ८५ ची निवडणूक जिंकून परत शपथ. आणि त्याच वर्षी जूनमध्ये राजीनामा. कारण काय तर राजीव गांधींनी प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं ते दादांना पटलं नाही. खुर्चीला चिकटले नाहीत. पुढं राजस्थानचे राज्यपाल झाले, तिथंही पूर्ण मुदत काढली नाही, १९८७ ला परत आले. १ मार्च १९८९ ला गेले.

८५ चीच अजून एक गोष्ट. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे असं ते मुख्यमंत्री असताना जाहीरपणे बोलले, काँग्रेसचेच मुख्यमंत्री आणि रोख दिल्लीकडं. लगेच महापालिकेची निवडणूक होती, ती शिवसेनेनं जिंकली. त्याचं राजकारण लोक वेगवेगळं लावतात. मला त्यात दादांचा स्वभाव दिसतो. पक्षाचं काय होईल याचा हिशेब न करता मनातलं बोलून मोकळे.

आणि मराठवाड्याच्या भाऊंसाठी खास, विभागीय अनुशेष म्हणजे विकासात मागं राहिलेल्या भागांची तूट मोजणारी दांडेकर समिती १९८३ ला नेमली गेली ती दादांच्याच काळात. पश्चिम महाराष्ट्राचा मुख्यमंत्री असताना विदर्भ-मराठवाड्यावर किती अन्याय झालाय ते मोजायला समिती बसवली. ८४ ला अहवाल आला, अनुशेष निघाला जवळजवळ ३१८७ कोटी. पुढं त्याची अंमलबजावणी जशी व्हायला हवी तशी झाली नाही, पण आज अनुशेष हा शब्द घेऊन तुमच्याकडची जी मंडळी भांडतात त्यांच्या हातातला पहिला आकडा तो आहे.

---

बुधगाव मेकॅनिकल:

एवढं सगळं लिहिलं पण इंजिनिअरिंग कॉलेजं कशी राहिली? आमच्यासारख्यांचं आयुष्य ज्या निर्णयानं बदललं तो हाच. १९८३ ला दादांच्या सरकारनं खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी परिस्थिती काय होती? पुण्याचं सीओईपी, मुंबईत व्हीजेटीआय, सांगलीत वालचंद, कराड, औरंगाबाद, अमरावती अशी मोजकी नावं. खेड्यातल्या सत्तर-पंच्याहत्तर टक्केवाल्याला तिथं जागा नाही. ज्याच्या बापाकडं पैसा तो डोनेशन भरून कर्नाटकात जायचा, बाकीचे आयटीआय नाहीतर शेती.

प्रश्न विचारलाय ना की शेतकऱ्यानंच घेतला असता असा निर्णय कोणता, माझ्या मते हाच तो. ऐकायला उलटं वाटेल पण बघा. दहा एकराचे पाच, पाचाचे अडीच, वाटण्या होत होत तिसऱ्या पिढीला बांधच जास्त आणि रान कमी. शेतकरी कुटुंबाला सगळ्यात जास्त हे कळतं की सगळी पोरं शेतीवर राहिली तर सगळी उपाशी राहतील, एकाला तरी बाहेर काढलं पाहिजे. शहरातल्या शिकलेल्या लोकांनी तेव्हा विरोध केला की दर्जा घसरेल, शिक्षणाचा धंदा होईल. विरोध खोटा नव्हता. डोनेशनचा सुळसुळाट झालाच, १९८७ ला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, मग १९९३ चा सुप्रीम कोर्टाचा उन्नीकृष्णन निकाल, फ्री सीट पेमेंट सीट, हे सगळं त्यातूनच आलं. कारखाने ज्यांचे कॉलेजं त्यांचीच झाली आणि शिक्षणसम्राट तयार झाले. सरकारनं परवानगी दिली पण शिक्षक कसे आहेत, लॅब आहे का, फी किती घेतात यावर पकड ठेवली नाही. हा दोष आहे आणि तो छोटा नाही, कितीतरी घरांनी यापायी जमीन विकलीय.

तरीपण मी आज स्टुटगार्टमध्ये बसून गिअरबॉक्सचं डिझाईन करतोय, आमच्या बॅचमधली निम्मी पोरं ऊसवाल्या नाहीतर द्राक्षवाल्या घरातली होती, त्यातल्या बहुतेकांच्या घरात आधी कोणी कॉलेज बघितलं नव्हतं. नव्वदीनंतर पुण्यात आयटी आणि गाड्यांचे कारखाने आले तेव्हा लागणारी माणसं तयार होती ती कुठून आली? या कॉलेजांतून. सातवी शिकलेल्या माणसाच्या सहीनं.

---

डफळापूरची लेक:

बुधगावकर, मुद्दा पटला. फक्त एक जोडते. त्या पहिल्या वर्षांत बाहेर काढलं गेलं ते पोराला, पोरीला नाही. आमच्या घरात भावाला इंजिनिअरिंग आणि मला डीएड. पुढं चित्र बदललं, माझी भाची आता कॉम्प्युटरला आहे आणि ती पण गावाजवळच्याच कॉलेजात, लांब पाठवायचं म्हटलं असतं तर घरात कोणी हो म्हटलं नसतं. कॉलेज जिल्ह्यात असणं हे पोरींच्या बाबतीत पोरांपेक्षा जास्त उपयोगी पडलं असं मला वाटतं. यावर कोणी बोलत नाही.

---

गोदाकाठचा नांदेडकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दांडेकर समितीचं तर मला अजिबात माहीत नव्हतं, आमच्याकडं अनुशेष म्हटलं की पश्चिम महाराष्ट्राला शिव्या एवढंच. वडिलांना हा धागा वाचून दाखवणार आहे. अजून एकच विचारतो, तो सांगलीचा कारखाना आज कसा चाललाय?

---

मळीचं रान, ता. मिरज:

चालू आहे पण आपल्या हातात नाही. कर्ज वाढत गेलं, देणी थकली, आणि शेवटी खासगी कंपनीला भाडेकरारानं चालवायला दिला. ऊस आम्ही अजून घालतो, काट्यावर पावती मिळते, बिल जमा होतं. सभासद आम्ही कागदोपत्री आहोत. पण गळीत कधी चालू करायचं, दर काय द्यायचा हे आता कंपनी ठरवते, आणि दरासाठी हंगाम सुरू व्हायच्या आधी दरवर्षी शेतकरी संघटनेबरोबर रस्त्यावर बसावं लागतं. जत-कवठेमहांकाळच्या ताई म्हणाल्या तसं पाणी तिकडं गेलं आणि ऊस पण तिकडं गेला, तेही खरंच.

नातू विशाल पाटील २०२४ ला अपक्ष उभे राहून सांगलीतून खासदार झाले, पक्षानं तिकीट दिलं नाही तरी लोकांनी निवडून दिलं. त्यात दादांच्या नावाचा वाटा किती आणि त्यांचा स्वतःचा किती यावर गावात अजून वाद चालू असतात. कारखाना परत सभासदांच्या ताब्यात घेण्याबद्दल मात्र निवडणुकीत कोणीच काही बोललं नाही, आणि आमच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या सभासदांना तेच विचारायचं होतं.